वाळूवरचं चॉकलेट

बाईंनी मला पहिल्या भेटीत नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच नाही. उंबऱ्याच्या आत उभं राहून, माझ्या डोक्याकडे बघत त्यांनी एवढंच विचारलं, “केस वाळले का गं?”

आम्ही खोली बघायला आलो होतो. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि आमच्या ह्यांची नव्या कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून नेमणूक झाली होती. गावभर नव्या हापिसांच्या पाट्या लागत होत्या आणि घरमालकांची नाकं वर गेली होती. कोंबड्यांच्या खुराड्यालाही लोक जिल्ह्याच्या गावचं भाडं सांगत होते. अशात ही बाई भाड्याचं सोडून केसांची चौकशी करते म्हटल्यावर मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. मी पदराखालून वेणी चाचपली आणि म्हणाले, “वाळलेत.”

“मग ये. पाय पुसून ये.”

उंबऱ्याबाहेर गोणपाटांची चांगली गुडघाभर चळत रचलेली होती. मी मूळची कंधारची, तोंडानं पहिल्यापासून फटकळ. ह्यांच्या कानात म्हटलं, “बाई अर्धवट दिसतीय.” आतून आवाज आला, “अर्धवट हाय, पण कान शाबूत हायत.” खोली आम्हाला मिळाली. पुढं ह्यांच्याकडून माझं माहेर कळल्यावर त्या मला कायम ‘कंधारवाली’ म्हणूनच हाक मारायच्या. नाव त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

बाई हैदराबादेत वाढलेल्या. लग्न होऊन लातुरात आल्या, नवरा लवकर गेला, मग मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून दिवस काढले. मी गेले तेव्हा त्या निवृत्त झालेल्या होत्या. उंच, वाळक्या, पांढरं स्वच्छ पातळ, आणि नाक सारखं काहीतरी हुंगत असल्यासारखं वर. पावसाळ्यात त्यांच्या घरी कुणी जात नसे, कारण छत्री फाटकाला टांगून, अंग पुसून, पाय पुसून आत शिरेपर्यंत माणूस कशाला आलो हेच विसरायचा. गल्लीतल्या प्रत्येक बाईला, नळावर भेटो, बाजारात भेटो, त्यांचा रामराम तोच. केस वाळले का गं? बायका हसून “हाव बाई, वाळले” म्हणायच्या आणि पुढं जायच्या.

दिवाळीला मात्र अख्खी गल्ली त्यांच्या दाराकडे डोळे लावून बसायची. इतर घरांतून चिवड्या-लाडवांची ताटं यायची, बाईंच्या घरातून चॉकलेटं यायची. बिया काढून आत भाजका शेंगदाणा भरलेला खजूर, शेंगदाण्याच्या चिक्कीचे चौकोन, खोबऱ्याचे काप, अगदी शंकरपाळेसुद्धा, सगळं चॉकलेटात बुडवलेलं. लहानपणी हैदराबादेत शेजारच्या बेकरीवाल्याच्या बायकोकडून त्या हे शिकल्या होत्या. डाळमिलचा एक ट्रकवाला दर वर्षी हैदराबादहून त्यांना चॉकलेटची लादी आणून द्यायचा. गुंडाळायला लाल-हिरवा बेगडी कागद यायचा तो मोहरमचे ताबूत सजवणाऱ्या एका चाचांकडून. चाचा पैसे घ्यायचे नाहीत, खजुराची पुडी घ्यायचे. “बाई, आपके हात में क्या है मालूम नहीं, मगर डर लगता है खाते वक्त,” असं म्हणायचे आणि तिथंच उभ्या उभ्या खायचे.

डर लागण्यासारखं त्यात काय होतं, ते मला पहिल्या दिवाळीला समजलं. बाईंनी मला मदतीला बोलावलं. नरक चतुर्दशीची दुपार. सणाच्या दिवशी, बाकी बायका जरा आडव्या झाल्या असताना, ही बाई चॉकलेट करायला बसते. बाकी कुठल्याही दिवशी नाही. आत जाण्याआधी त्यांनी माझे दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले. पंच्यानं माझं कपाळ पुसलं, मान पुसली, वेणी मुठीत धरून मुळापासून शेंड्यापर्यंत दाबत नेली. पहाटेची पहिली आंघोळ झालेली, केस जरा दमट असतील नसतील. त्यांनी मला उन्हात बसवलं आणि स्वतः समोर उभ्या राहिल्या, वाळेपर्यंत.

आत बघते तर स्वयंपाकघर कोरडं ठणठणीत. पाण्याचा माठ अंगणात काढलेला, घंगाळ पालथं, तांब्याभांडी पुसून उन्हात. चुलीवर लोखंडी कढई, कढईत मांजरा नदीची बारीक वाळू, आणि तापलेल्या वाळूत रोवलेलं पितळी पातेलं. भडभुंजे फुटाणे भाजतात तसली वाळू. लोक उकळत्या पाण्याच्या वाफेवर चॉकलेट वितळवतात, बाई वाळूवर वितळवायच्या. मी विचारलं, असं का? म्हणाल्या, “पाण्याचा एक थेंब पडला तर सगळं फाटतं. थेंबानं. तांब्याभर नको, थेंब बास.” मग बोट वर करून, शाळेत सांगतात तसं, “हितं रडायचं न्हाई. रडायचं असंल तर वसरीवर जायाचं. हसायचं बी न्हाई, थुंकी उडती.”

आता सांगा, रडायचं नाही, हसायचं नाही, असल्या ठिकाणी माणसाला हसूच येणार. पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघून माझं हसू गिळलं गेलं. विणायच्या सुईला खजूर टोचून त्या पातेल्यात सोडायच्या, वर काढून झटकायच्या, तेलकट कागदावर ठेवून वरून सुईनं एक बारीक रेघ ओढायच्या. हात चित्रकाराचा. गल्लीतल्या सगळ्या घरांचं झालं की शेवटी एक खोबरं भरलेला खजूर उरायचा. तो बुडवताना त्यांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. म्हणजे श्वासाचा आवाज बंद झालेला ऐकू आला. खजूर गुळगुळीत, चमकत वर आला. बाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, “हाय.”

एवढंच. “हाय.” जसं कुणी दाराशी येऊन ‘अमका आहे का घरात’ विचारावं आणि आतून उत्तर यावं, तसं.

तो शेवटचा खजूर कुणालाच मिळायचा नाही. एका डबीत ठेवून डबी फडताळात जायची, आणि आधीच्या वर्षीची डबी बाहेर यायची. जुनं चॉकलेट कधी पाहिलंय तुम्ही? वरून पांढुरकं होतं, खराब नव्हे, नुसतं पांढुरकं. बाई ते हातात घेऊन उजेडात फिरवायच्या. “बघ, एका वर्षात केस पिकले,” म्हणायच्या आणि पक्ष्यांना ठेवायच्या.

नव्या साहेबांपैकी एकाच्या बाईसाहेबांना हे सगळं शिकायची हौस आली. जिल्हा झाल्यापासून असल्या हौशी फार वाढल्या होत्या. बंगल्यावर बोलावणं आलं, बाई मला घेऊन गेल्या. बाईसाहेबांनी पातेलं वाफेवर ठेवलं, मधूनमधून वर झाकणही घातलं. बाई नको म्हणत होत्या, पण साहेबाच्या बायकोला नको कोण म्हणणार? बघता बघता पातेल्यातली चमक गेली, चॉकलेट रवाळ झालं, आणि चमच्याभोवती चिखलासारखा गोळा जमला. बाईसाहेब हसायला लागल्या. आमच्या बाई मात्र भिंतीला टेकल्या. तोंड पांढरंफटक. “कोण आलं?” त्यांनी विचारलं. “ओलं कोण आलं आत्ता?”

त्यांनी सगळ्यांचे हात तपासले, शिपायाचे, मोलकरणीचे, बाईसाहेबांचेसुद्धा. शेवटी झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचं पाणी जमलेलं सापडलं. ते बोटानं पुसून त्यांनी ते बोट कितीतरी वेळ पाहिलं, मग असं हसल्या की मला रडू येईल की काय असं झालं. “वाफ व्हती. नुसती वाफ व्हती!” फाटलेला गोळा त्यांनी तिथंच खाऊन टाकला. बाईसाहेबांनी शिकवणी बंद केली, हे काय सांगायला पाहिजे?

खरी गोष्ट मला अप्पांनी सांगितली. अप्पा म्हणजे शेजारचे किराणा दुकानदार, गळ्यात इष्टलिंग, कपाळाला भस्म, गल्लीतलं जुनं खोड. मी तेल आणायला गेले होते. विचारलं, “अप्पा, बाईंच्या घरात कोण आहे?” अप्पांनी तराजू खाली ठेवला.

“तिची पोरगी व्हती. बेबी. मॅट्रिक झालेली, गुणाची पोर. मोठा दुष्काळ सरला आन आपला आड पहिल्यांदा काठोकाठ भरला, त्या सालची दिवाळी. पहिल्या आंघोळीचा दिवस. आई चॉकलेट करत व्हती, पोरगी न्हाऊन ओल्या केसांनी वाकून बघाया गेली. वेणीतला थेंब पातेल्यात. झालं, समदं फाटलं. बाई तवा लई तापट. म्हणाली, ओली पुन्यांदा या घरात पाय टाकू नको. पोरगी केस वाळवाया म्हणून भाईर गेली. ती गेलीच.”

“मग?”

“मग काय. आडाच्या काठावर फणी सापडली. आम्ही गळ टाकले, माणसं उतरवली. पाणी लई, खाली गाळ बी लई. कायबी हाताला लागलं न्हाई. म्या तर म्हणतो आडातच हाय ती. काही लोक म्हणत्यात पळून गेली, मोटारस्टँडवर दिसली व्हती.” अप्पा तेलाची बाटली पुसत म्हणाले, “जी बाई म्हणती ना पळून गेली, तिला ही बाई दोन पुड्या जास्त देती. इचार कर. आईला पोरगी पळून गेल्याचं आवडतंय.”

मला ते ऐकून गप्प राहवेना. माझा स्वभावच तसा. दुसऱ्या दिवशी बाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या, मी सरळ विचारलं, “बाई, तुम्हाला काय वाटतं?” त्या रागावल्या नाहीत. शेंगा फोडता फोडताच बोलल्या.

“बेबी सणाला आल्याबिगर ऱ्हायची न्हाई. जिती असंल तर येळ लागंल, संसार असंल, सासू सोडत नसंल. पण मेली असंल तर तिला कोण आडवणार? ती येणारच. बुडालेलं माणूस ओलंच येतंय. ती आली, पातेल्यावर वाकली, की चॉकलेट फाटंल. म्हणून म्या दुसरा एक थेंब आत येऊ देत न्हाई. पडला तर तो तिचाच, असं पक्कं कळावं.” मग माझ्याकडे बघून, अगदी शहाण्या माणसासारखं, “आजपातूर फाटलं न्हाई, कंधारवाली. एकदा बी न्हाई. म्हंजे जिती हाय.”

ह्याला काय म्हणावं? मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, खुळ्याच्या नादी लागू नको. पण मी लागले. दर दिवाळीला त्या पातेल्यापाशी बसले, आणि खरं सांगते, शेवटच्या खजुराला माझाही श्वास थांबायचा. तो गुळगुळीत निघाला की बाईंच्या आधी मीच मनात ‘हाय’ म्हणायचे.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. आधीच्या वर्षी पाऊस रुसलेला, त्या वर्षी त्यानं तोंडच दाखवलं नाही. नळ सुकले. टँकर आला की घागरींच्या रांगा आणि शिव्यांचे पूर. भाजी धुतलेल्या पाण्यानं भांडी, त्याच पाण्यानं फरशी. गल्लीत कुणी डोक्यावरून आंघोळ केली नव्हती किती दिवस. डोकी तेलकट, चिकट, आम्ही बायका फणीनंच खाजवायचो. बाई मात्र त्या वर्षी खुशीत. सारं गावच कोरडं, त्यांना हवं तसं. “सुख हाय बाई, सगळ्यांचे केस वाळलेत,” म्हणायच्या आणि लोक तोंड फिरवायचे.

आड आटला. तळाला नुसता काळा गाळ दिसायला लागला. गल्लीतल्या लोकांनी ठरवलं, गाळ काढायचा, झरा मोकळा करायचा. अप्पा पुढं झाले. ज्या दिवशी माणसं दोर घेऊन आली, बाई जाऊन आडाच्या काठावर बसल्या.

“उतरू देणार न्हाई.”

“बाई, लेकरं तहानेली हायत,” अप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. “आन कवा ना कवा बघायाच लागंल की न्हाई?”

बाईंनी आत वाकून तळाकडे बघितलं. ऊन मी म्हणत होतं. मग उठल्या, पदर खोचला. “काढा. पण जे निघंल ते मला दाखवायचं. माझ्यापासून कायबी झाकायचं न्हाई.”

आणि त्या तिथंच उभ्या राहिल्या. पाटीमागून पाटी वर येत होती आणि प्रत्येक पाटीत बाई हात घालत होत्या. इतकी वर्षं ओल्याला जवळ न येऊ देणारी ती बाई कोपरापर्यंत गाळात. घागरी निघाल्या, बिनदांडीचा पोहरा, देवाच्या समया, पाट्या-पेन्सिली, कुणाच्या तरी बांगड्या. बांगड्या निघाल्या तेव्हा मी पुढं सरकले. बाईंनी त्या पदराला पुसून पाहिल्या आणि मान हलवली. तिच्या नव्हत्या. खाली खडकाला कुदळ लागल्याचा आवाज आला. आडात गाळ उरला नव्हता आणि माणसाचं हाडही निघालं नव्हतं.

अप्पा बाईंसमोर आले. डोक्याची टोपी काढून हातात घेतली. “बाई, न्हाई निघाली. म्या एवढी वर्षं उगंच बोललो.”

“मग? म्या म्हणलं नव्हतं?” बाई म्हणाल्या, आणि गाळानं भरलेल्या हातांनीच अप्पांच्या बायकोच्या गळ्यात पडल्या. गल्लीतल्या बाया रडल्या. मीही रडले, का नाही रडणार? पोरगी जिवंत होती. आता तर आडानंही साक्ष दिली होती.

त्या दिवाळीला बाईंनी लादी मोठी मागवली. म्हणाल्या, अवंदा पहिल्या आंघोळीला पाणी न्हाई, फराळाला तेल परवडंना लोकाला, चॉकलेट तरी पोटभर वाटू. बेगडी कागद देताना चाचा म्हणाले, “इस बार डर नहीं लगता, बाई.” पहिल्या आंघोळीला आम्ही कपाळाला उटण्याचं बोट लावलं आणि ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, झाली आंघोळ. दुपारी मी गेले तेव्हा बाईंनी माझे तळवे तपासलेसुद्धा नाहीत. “तू कुठली ओली असणार!” म्हणून हसल्या. त्या खोलीत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

दाराला कडी लावली. वाळू तापली, लादी वितळली. काळंभोर, आरशासारखं चॉकलेट. खजूर झाले, चिक्की झाली, खोबरं झालं, कागदावर रांगाच्या रांगा. बाईंची जीभ त्या दिवशी थांबत नव्हती. बेबी कुठं असेल, हैदराबादेत असेल, लेकरं असतील, लेकरांना काय आवडत असेल. “अवंदा एक न्हाई, मूठभर ठिवते तिच्या डबीत. लेकरांचे बी नगंत का?” मी म्हटलं, “ठेवा की.” बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. धाब्याच्या घरात वाऱ्याची झुळूक नाही. माझे ओठ तडकलेले होते, जिभेनं ओले करायला तोंडात थुंकी नव्हती.

मग त्यांनी खोबरं भरलेला खजूर सुईला टोचला आणि पातेल्यात सोडला.

आधी चमक गेली. कुणीतरी वर वाकल्यावर सावली पडते ना, तशी एका कडेनं गेली. मग पातेल्याच्या मधोमध सुरकुती पडली, चॉकलेट रवाळ झालं, आणि सुईभोवती आवळत आवळत त्याचा गोळा झाला. बाईंचा हात तसाच राहिला. मी माझे हात पाहिले. कोरडे, भेगाळलेले. वर पाहिलं, धाब्याचं लाकूड कोरडं. झाकण नव्हतं, वाफ नव्हती, घाम नव्हता, अश्रू नव्हता. माठ अंगणात आणि तोही रिकामा. मी एकेक गोष्ट डोळ्यांनी तपासत होते आणि मनात म्हणत होते, सापड, काहीतरी सापड. आणि तेवढ्यात वास आला. शिकेकाईचा. नुकत्याच न्हालेल्या, ओल्या केसांचा. ज्या गल्लीत महिन्यामागून महिने कुणी डोकं धुतलं नव्हतं, तिथं माझ्या खांद्याशेजारी तो वास असा गार उभा होता की मला मान वळवायची हिंमत झाली नाही.

ती आडात नव्हती, हे सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं. मग कुठल्या पाण्यात गेली, कधी गेली, तोवर खरंच जिवंत होती का, मला आजही सांगता येत नाही. त्या दिवसानंतर बाईंनी चॉकलेट केलं नाही, आणि कुणाला ते एक वाक्यही पुन्हा विचारलं नाही. शेवटचं विचारलं ते तेव्हाच. सुई हळूच खाली ठेवली, मागं न बघता, रोज नळावर विचारायच्या त्याच आवाजात म्हणाल्या,

“केस वाळले का गं?”

वाळू तेवढी चुलीवर तडतडत होती. ज्या खोलीत रडायची बंदी होती तिथं बाईंचे डोळे भरून फाटलेल्या चॉकलेटात गळायला लागले.

“नसतील वाळले तर ऱ्हाऊ दे, माय. म्या तवा उगंच बोलले. ओली तर ओली, ये घरात.” मग माझ्याकडे वळून, “कंधारवाली, दाराची कडी काढ. ती उंबऱ्याभाईर उभी ऱ्हायली असंल. म्याच सांगितलं व्हतं तिला.”

मी उठले. कडी काढली, दोन्ही कवाडं सताड उघडली, उंबऱ्यातली गोणपाटं पायानं दूर सारली, आणि वाट सोडून बाजूला उभी राहिले.